गजभिये नाक बघतात

गजभिये साहेब कुणाच्याही घरात शिरले की आधी पिंजरा शोधतात. माणसांना नमस्कार नंतर. पिंजरा दिसला की चष्मा कपाळावर चढवतात, तारांना जवळजवळ स्वतःचं नाक टेकवतात, आतल्या पक्ष्याच्या नाकाकडे दहा-पंधरा सेकंद एकटक बघतात आणि निकाल देतात, "मुलगी." मग चष्मा खाली घेऊन मागे वळतात. "जय भीम, वहिनी. चहात साखर कमी."

आणि निकाल बरोबर असतो. दर वेळी बरोबर असतो. मला त्यांचा राग का येतो हे सांगायला खरं तर एवढं पुरे.

पक्षी म्हणजे बजी. दुकानदार ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात ते चिमुकले पोपट. निळे, हिरवे, पिवळे, मानेवर लाटांसारख्या काळ्या रेघा. त्यांच्यात नर कुठला आणि मादी कुठली हे रंगावरून कळत नाही, आकारावरूनही कळत नाही. चोचीच्या बरोबर वर, नाकपुड्या असतात तिथे एक मऊ पट्टा असतो. वयात आलेल्या नराचा तो निळा असतो, मादीचा तपकिरी. झालं, एवढंच शास्त्र. इतकं सोपं आहे तर त्यात गजभियेंचं कौतुक काय, असं मी म्हणतो. गेली तीन वर्षं म्हणतोय. कुणी ऐकत नाही.

आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो. मी पहिल्या मजल्यावर, गजभिये माझ्या डोक्यावर. मी मूळचा परभणीचा, ते भंडाऱ्याचे. दोघं एकाच भवनात कामाला आहोत, खाती वेगळी. गजभियेंचा सगळा जन्म आवक-जावक विभागात गेला, त्यामुळे त्यांची जीभ आता फाईलचीच भाषा बोलते. पक्षी कोवळा असला तर म्हणतात, "वय कमी आहे. केस पेंडिंग. चार महिन्यांनी पुट अप करा." खात्री नसली तर, "रिमार्क प्रोव्हिजनल समजा." आणि कुणी वाद घातलाच तर, "नाक पाहा नं. बाकी सगळा पोशाख आहे."

एकटेच राहतात. स्वतः एकही पक्षी पाळत नाहीत. याचा मला विशेष राग. आम्ही इथे दाणे सांडलेले झाडायचे, पिंजरे धुवायचे, आणि तज्ज्ञ कोण, तर ज्यांच्या घरात पीससुद्धा नाही ते!

हे सगळं सुरू झालं माझ्या घरातून, आणि माझ्याच खर्चाने. ईशा, माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या वाढदिवसाला मी एक निळा आणि एक पिवळा असे दोन बजी आणून एक वर्ष झालं होतं. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "साहब, पक्का जोड़ा है." निळा तो राजा, पिवळी ती राणी. पिंजऱ्यात मी अंड्यांसाठी मडकं टांगलं. फोनवर बघून बघून पक्ष्यांविषयी इतकी माहिती गोळा केली की कॉलनीत कुणाच्या कबुतराला शिंक आली तरी लोक मला विचारायचे. संध्याकाळी ईशाच्या मैत्रिणी पिंजऱ्याभोवती जमल्या की मी समजावून सांगायचो. "बघा, राजा राणीला भरवतोय. आता लवकरच अंडी होतील."

वर्ष गेलं. अंडी होईनात. मी म्हणायचो, दिल्लीची हवा खराब आहे.

मग एका रविवारी गजभिये त्यांच्या पत्त्याचं चुकून आमच्याकडे आलेलं एक पाकीट न्यायला खाली आले. तोवर आमची ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरती. ते आत आले, पिंजरा दिसला, चष्मा कपाळावर गेला.

"दोन्ही जेंट्स आहेत," ते म्हणाले.

"अहो, कसं शक्य आहे?" मी म्हटलं. "तो तिला भरवतो!"

"मित्र आहेत ते. आपण ऑफिसात डबा वाटून खात नाही काय?"

ईशा इतकी हसली की तिला उचकी लागली. सुनीता, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि हे वर्षभर मडकं टांगून बसलेत." त्या दिवशी ते मडकं मी उतरवलं, आणि त्याबरोबर मीही उतरलो.

पुढे गजभियेंची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या ब्लॉकच्या चड्ढा आंटी, खालचे मल्याळी डॉक्टर, बाजारातला कापडवाला, सगळे पिंजरे घेऊन हजर. मानेसरच्या कारखान्यातला एक इंजिनिअर तर शेअर ऑटोत पिंजरा मांडीवर घेऊन आला होता. रविवारी सकाळी आमच्या जिन्यात ओपीडी लागायची. सगळ्या दवाखान्यांत 'लड़का या लड़की, यहाँ नहीं बताया जाता' अशा पाट्या असतात, आणि आमच्या जिन्यात गजभिये मोठ्याने सांगत सुटलेले. मादी निघाली की मालकाचा हात हातात घेऊन म्हणायचे, "मुबारक हो, बेटी है!" लोक खूश होऊन जायचे. मी दार थोडं उघडं ठेवून हे ऐकायचो.

माझ्या घरातही तेच. सुनीता पाटोड्यांचा रस्सा करायची आणि पहिली वाटी वर जायची. ईशाला काही विचारायचं असलं की ती मला ओलांडून वर जायची. मी तिला सांगायचो, बेटा, पक्ष्यांना घालतो त्या दाण्यांना मराठीत राळे म्हणतात. ती म्हणायची, "छोड़ो ना बाबा, कंगनी." तोच शब्द गजभियेंनी सांगितला तर दिवसभर राळे, राळे. शाळेत 'मेरे प्रिय व्यक्ति' असा निबंध आला. मी सहज वही उघडली. पहिलंच वाक्य होतं, 'मेरे प्रिय व्यक्ति ऊपर वाले हैं.' क्षणभर वाटलं, पोरगी देवावर लिहितेय. आमच्या घरात देव नाही, तेव्हा जरा काळजीच वाटली. पुढे वाचलं तर गजभिये.

मी हातपाय गाळून बसलो नाही. मीही अभ्यास केला. फोनवर एका व्हिडिओत मला कळलं की लाल डोळ्यांच्या पांढऱ्या बजींमध्ये हा नियम चालत नाही. तिथे मोठ्या नराचंही नाक गुलाबीसरच राहतं. मला आनंदाने झोप लागली नाही. ऑफिसातल्या एका मित्राकडे असा पांढरा नर होता, त्याने तो अंड्यातून बाहेर पडल्यापासून वाढवलेला. मी तो रविवारपुरता मागून आणला आणि जिन्यात सगळ्यांसमोर गजभियेंपुढे ठेवला.

ते नेहमीसारखे वाकले. दहा सेकंद, पंधरा सेकंद. मग सरळ झाले आणि म्हणाले, "स्टूल आणा."

चाळीस मिनिटं ते स्टुलावर बसून राहिले. लोक कंटाळून गेले. पांढरा पक्षी आधी गप्प होता, मग रंगात आला. मान वरखाली करत गाऊ लागला, घंटीला चोच मारू लागला, घंटीला लाडीगोडी लावू लागला. गजभिये उठले. "मुलगा. या जातीत नाक साक्ष देत नाही, वागणूक पाहावी लागते. म्हणून रिमार्क प्रोव्हिजनल." मग माझ्याजवळ येऊन हळूच, "तुम्हाला माहीत होतं. चांगला अभ्यास करून राहिले तुम्ही, सोनवणे साहेब."

टोमणा मारला असता तरी चाललं असतं. पण त्यांनी मनापासून शाबासकी दिली. ती मला आठवडाभर पचली नाही.

त्यानंतर एकदा गजभिये गावाला गेले असताना चड्ढा आंटी एक कोवळं पिल्लू घेऊन आल्या. मी संधी साधली. नाक फिकट निळसर होतं. मी चष्मा नसतानाही कपाळावर हात नेला आणि म्हणालो, "बधाई हो आंटी जी, लड़का है." कोवळ्या मादीचंही नाक फिकट निळसर असतं, फक्त नाकपुड्यांभोवती पांढरी कडी असतात, हे त्या व्हिडिओच्या दुसऱ्या भागात होतं. मी पहिलाच बघितला होता. सहा-सात महिन्यांनी चड्ढा आंटींनी त्यांच्या बाल्कनीतून अख्ख्या ब्लॉकला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "सोनवणे जी, आपके लड़के ने अंडा दिया है!"

तर अशी माझी अवस्था होती. आणि मग या वर्षी जानेवारीच्या अखेरीला मला राजाच्या नाकावर तपकिरी ठिपके दिसले.

आधी वाटलं घाण असेल. ओल्या कापसाने पुसून पाहिलं. गेली नाही. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून पिंजऱ्यावरचं कापड काढायचो आणि नाक बघायचो. निळा रंग विरत होता, तपकिरी चढत होता. दोन आठवड्यांत पट्टा पुरता तपकिरी झाला. खरखरीत, तपकिरी, पुस्तकात दाखवावा तसा मादीचा. म्हणजे गजभिये चुकले होते! ज्या निकालावर त्यांचं सगळं साम्राज्य उभं होतं तो पहिलाच निकाल चुकला होता. मी हे सुनीतालाही सांगितलं नाही. मी रविवारची वाट बघत बसलो, कारण रविवारी माणसं जास्त असतात.

रविवारी छान ऊन होतं. खालच्या लॉनवर सगळे शेंगदाणे सोलत बसले होते. मी ईशाला म्हटलं, राजाला बोटावर घेऊन खाली चल. बाजारातून जिलेबीही आणून ठेवली होती. गजभिये आले तसा मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गजभिये साहेब, जरा राजाचं नाक बघता का?"

त्यांनी चष्मा वर केला. वाकले. पंधरा सेकंद झाले, तीस झाले. मग त्यांनी राजाला स्वतःच्या बोटावर घेतलं आणि अंगठ्याने त्याच्या छातीवरून हलकेच, अगदी हलकेच हात फिरवला. मी मनात म्हटलं, आता नाक सोडून छाती बघतायत, सापडले.

"काका, राजा मुलगी आहे का?" ईशाने विचारलं.

गजभियेंनी तिच्याकडे बघितलं. जरा वेळ बघतच राहिले. मग चष्मा खाली घेतला.

"हो," ते म्हणाले. "माझी चूक झाली. तेव्हा पाहण्यात कमी पडलो. मुलगीच आहे."

एकच गलका झाला. चड्ढा आंटी म्हणाल्या, "लो जी, गजभिये जी भी फेल!" मल्याळी डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी जिलेबी वाटली. गजभियेंनाही दिली, त्यांनी घेतली. ईशाने तिथल्या तिथे राजाचं नाव बदलून राजी ठेवलं. त्या दिवशी मी दुपारी दोन तास झोपलो, असा झोपलो की सुनीताने श्वास चालू आहे का ते बघितलं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो तर गजभिये जिन्यात डब्याची पिशवी धरून उभे होते.

"सोनवणे साहेब, दोन मिनिटं. राजा नरच आहे."

मी हसलो. म्हटलं, काल सगळ्यांसमोर कबूल केलंत, आता आज अपील?

"नराचं नाक असं तपकिरी व्हायला लागलं की आत काहीतरी वाढत असते," ते म्हणाले. "बहुतेक गाठ. छातीचं हाड हाताला लागून राहिलं काल. वजन उतरलंय त्याचं."

"मग काल का नाही बोललात?"

"पोरगी समोर उभी होती नं."

त्यांनी एका पक्ष्यांच्या डॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेवली होती, बुधवारची. स्वतःची रजाही टाकली होती. ईशाला आम्ही सांगितलं की नखं कापायला नेतोय. रिक्षात गजभियेंनी छोटा पिंजरा मांडीवर घेतला, त्यावर स्वतःचा रुमाल पसरला आणि खड्डा आला की पिंजरा दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरायचे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तेच सांगितलं. गाठ आहे. काही करता येण्यासारखं नाही. ऊब द्या, खाऊ द्या, दोन महिने निघतील, फार तर तीन.

परत येताना रिंग रोडला रिक्षा अडकली. गजभिये पिंजऱ्याकडे बघत होते. मग आपणहून बोलू लागले. त्यांच्या पत्नीबद्दल मी त्यांच्या तोंडून त्याआधी एक शब्द ऐकला नव्हता.

"हे नाकाचं मालतीनं शिकवलं मला. तिच्याकडे अकरा होते. मी नर की मादी ते सांगायचो, ती म्हणायची चूक. तिच्या पोटात दुखायचं. तपासण्या झाल्या. डॉक्टर चांगला माणूस होता, पण घाईत होता. कॉरिडॉरमध्येच म्हणाला, सहा महिने. तिच्यासमोर. मी बाजूलाच उभा होतो, त्याला जरा पलीकडे न्यायचं मला सुचलं नाही." त्यांनी रुमाल सारखा केला. "मग ती रोज कॅलेंडर पाहत बसायची. चांगले दिवस होते तिचे, हिंडत-फिरत होती, जेवत होती. पण कॅलेंडर पाहत बसायची. पोरीला काऊन मोजायला लावायचं, सोनवणे साहेब? खेळू द्या नं."

"आणि ते अकरा पक्षी?" मी विचारलं.

"देऊन टाकले. मी दिवसभर ऑफिसात. संध्याकाळी कुलूप काढलं की सगळे दाराकडे तोंड करून बसलेले. माझ्यामागून आणखी कुणी येते का, ते पाहत राहायचे. ते नाही पाहवलं मला."

रिक्षा हलली.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ईशाने राजीला खांद्यावर बसून गृहपाठ बघायला शिकवलं. राजी मजेत होती, थोडी लंगडायची एवढंच. कॉलनीत गजभियेंची टिंगल चालूच होती. "गजभिये जी, चश्मा बदलवा लो." ते हसून मान डोलवायचे. आणि लोक आता पिंजरे घेऊन माझ्याकडे यायला लागले! जे मला इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं, आणि मला त्याची चव लागेना. रविवारी कुणी पक्षी आणला की मी म्हणायचो, "जरा उजेडात बघून येतो." पिंजरा घेऊन मी जिना चढायचो, गजभिये दारातच नाक बघून सांगायचे, आणि मी खाली येऊन तोच निकाल माझ्या नावावर द्यायचो. एकदा मी म्हटलं, साहेब, मी लोकांना खरं सांगून टाकतो. ते म्हणाले, "लोकांना सांगाल तर पोरीला कळेल. राहू द्या. फाईल क्लोज."

खरं सांगतो, तेव्हा मला त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. नाक बघणं मी कधीतरी शिकलोच असतो. पण त्या रविवारी लॉनवर ईशा माझ्याच शेजारी उभी होती. दोन आठवडे रोज मीच ते नाक बघत होतो. आणि तिच्याकडे बघितलं मात्र त्यांनी.

मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, एका सकाळी ईशाने पिंजऱ्यावरचं कापड काढलं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. मी उठून बघितलं. पक्षी तळाशी पडला होता, आणि राणी, म्हणजे आमचा दुसरा जेंट्स, त्याच्याजवळ बसला होता.

खालच्या कडुनिंबाच्या झाडाखाली आम्ही खड्डा केला. गजभिये ऑफिसचे कपडे घालून उतरले होते. त्यांनी डब्याची पिशवी बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसले आणि हातांनीच माती लोटली. ईशा उभी होती, रडत नव्हती.

"काका," ती म्हणाली, "राजा मुलगाच होता ना?"

गजभियेंचे हात थांबले. ते माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे.

"मी फोनवर वाचलं होतं," ती म्हणाली. "मार्चमध्येच. नाक ब्राऊन झालं की बॉय बीमार असतो. तुम्हाला माहीत नाही असं होऊच शकत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस, बेटा?" मी विचारलं.

"तुम्ही इतके खूश होता बाबा. जिलेबी आणली होती."

मी दोन्ही हात पुढे केले, पण ती माझ्याकडे आली नाही. ती गजभियेंकडे गेली, आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. गजभियेंना हात कुठे ठेवावेत कळेना. दोन्ही मातीने भरलेले. त्यांनी ते जरा वेळ हवेत तसेच धरले, मग मनगट तिच्या केसांवर टेकवलं, तळवा वर धरून, माती लागू नये म्हणून. त्यांचे ओठ हलत होते. मी ऐकायचा प्रयत्न केला, मला ऐकू आलं नाही. त्या दोघांचंच काहीतरी होतं ते.

गेटबाहेर ऑफिसची बस हॉर्न देऊ लागली. गजभियेंची ती बस कधी चुकली असेल असं मला आठवत नाही. ते जागचे हलले नाहीत. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला तसा मी गेटपर्यंत गेलो आणि त्याला सांगून आलो, आज आम्ही दोघंही येत नाही.